चौदा नंबरची जागा

"अहो! अहो बाई, थांबा! शेपूट! तुमचं शेपूट राहिलंय मागे!"

टॅमसिनने आरशात पाहिलं. एक उंच माणूस तिच्या मोटरहोममागे धावत येत होता. कमरेला टॉवेल, पायात सपाता, अर्ध्या गालावर दाढीचा फेस आणि दोन्ही हात हवेत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या टंबी बे गावच्या कॅरव्हान पार्कात सकाळचे दहा वाजायला आले होते. पाऊस भुरभुरत होता आणि जुलैच्या त्या गारठ्यात उघड्या अंगाने धावणारा माणूस शहाणा असण्याची शक्यता कमीच होती. तिने मुकाट्याने दाराचा खटका आतून लावला आणि गाडी आणखी दोन फूट पुढे घेतली. तेव्हा तो पठ्ठ्या वळसा घालून सरळ गाडीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

टॅमसिनने काच चार बोटं खाली केली. "काय आहे?"

"वायर," तो धापा टाकत म्हणाला. "विजेची. खांबातून काढलीच नाहीत तुम्ही. अजून हातभर गेला असतात ना, तर खांब घेऊनच निघाला असतात."

"शक्यच नाही. माझ्याकडे यादी आहे."

"असेल. पण वायरला कुठे वाचता येतं!"

ती खाली उतरली. केशरी वायर खांबापासून गाडीपर्यंत अशी ताणली होती, की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. टॅमसिनचा चेहरा खर्रकन उतरला. ती औषधांच्या दुकानात काम करणारी. गावोगावी कुणी रजेवर गेलं की त्यांच्या जागी पंधरा-पंधरा दिवस बदलीवर उभं राहायचं आणि राहायला आपलं चाकांवरचं घर न्यायचं, असं तिचं चाललं होतं. चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय ती कुणाला साधी खोकल्याची बाटली देत नसे. मुक्काम हलवायचीसुद्धा तिची सतरा कलमांची यादी होती. आठ महिन्यांत एकदाही चूक झाली नव्हती.

"आठवं कलम झालं होतं," ती स्वतःशीच पुटपुटली. "नववं वायर. आणि तेवढ्यात तुम्ही आलात... तो कपड्यांचा चिमटा घेऊन."

"म्हणजे चूक माझी."

"तुमचीच! आवराआवर करणाऱ्याशी बोलायचं नाही, हे पार्कातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"मलाही ठाऊक होतं."

"मग?"

त्याने मान खाली घातली. फेसाचा एक ओघळ हनुवटीवरून टॉवेलवर पडला. "दोन दिवस तुमच्याशी बोलायला काहीतरी निमित्त शोधत होतो. आज तुम्ही निघालात, म्हटलं आता नाही तर कधीच नाही... मग चिमटा सुचला."

"तो चिमटा माझा नाहीच आहे," टॅमसिन म्हणाली.

"माहितेय. माझाच आहे."

टॅमसिनला हसू आवरलं नाही. कितीतरी दिवसांनी ती अशी खळखळून हसली. त्याने वायर काढून नीट गुंडाळून तिच्या हातात दिली. त्याचं नाव फर्गस. वाऱ्यावर चालणारे पाण्याचे पंप दुरुस्त करायचं त्याचं काम, आणि राहायला टपालखात्यातून निवृत्त झालेली एक जुनाट व्हॅन. पुढचं काम पोर्ट लिंकनला, असं तो म्हणाला. तिची पुढची बदलीही तिथेच होती. पण ते तिने लगेच सांगितलं नाही. गाडी चालू करून, आरसा नीट करून, मगच खिडकीतून म्हणाली, "चिमटा घेऊन या तिकडे. वाळत घालायचे कपडे खूप आहेत माझे."

तो चिमटा घेऊन आला.

मग पोर्ट लिंकन झालं, कॉफिन बे झालं. शेतकरी सकाळी फर्गसला आपल्या गाडीतून न्यायचे, संध्याकाळी वंगणात माखलेला परत आणून सोडायचे. टॅमसिन दुकान बंद करून येई तोवर त्याच्या चुलीवर काहीतरी शिजत असे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. पाचच्या ठोक्याला पार्कातले सगळे आपापली घडीची खुर्ची आणि आपापलं पेय घेऊन हिरवळीवर जमायचे. त्यात नोएलीनबाई आणि त्यांचे यजमान मर्व्ह हे सत्तरीचं जोडपं हमखास असायचं. त्यांचाही रस्ता हाच होता. नवीन येणाऱ्या गाड्या जागेवर उलट्या शिरताना बघणं, हा मर्व्ह यांचा आवडता कार्यक्रम. बायको मागे उभी राहून हात हलवते, नवरा खिडकीतून ओरडतो, गाडी भलतीकडेच जाते, आणि खुर्च्यांवरची मंडळी गालातल्या गालात हसतात.

त्या वेळी टॅमसिन नेमकी उठून आत जायची. फर्गसच्या ते लक्षात आलं होतं.

"एक विचारू?" कॉफिन बेला कालवांवर लिंबू पिळता पिळता तो म्हणाला. "तू दर ठिकाणी आरपार जागाच का मागतेस? एकीकडून शिरायचं, दुसरीकडून निघायचं. ती नसली तर पुढच्या गावाला जातेस."

टॅमसिनने हातातलं कालव खाली ठेवलं. मग तिने सांगितलं. ब्रेटबरोबर पाच वर्षं होती ती. ही मोटरहोम दोघांनी मिळून घेतली होती. पहिल्याच सहलीत तिने गाडी उलटी लावायला घेतली आणि तो मागून ओरडत सुटला. डावीकडे, उजवीकडे, अगं डावीकडे म्हणतोय ना! समोर वीस खुर्च्या. शेवटी त्याने दार उघडून तिला खाली उतरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, 'सरक, तुला एवढंही जमत नाही.'

"आणि मग?"

"मग काय... त्याने लावली."

"नीट लावली?"

"नळावर," टॅमसिन म्हणाली. "नळ तुटला. कारंजं उडालं."

फर्गसने ओठ घट्ट मिटले, पण त्याचे खांदे हलू लागले. मग तीही हसली. हसता हसता तिचे डोळे मात्र भरून आले, आणि ते त्याने पाहिलं. "गाडी मी ठेवून घेतली, तो गेला," ती म्हणाली. "पण माझ्या मागे कुणी उभं राहून हात हलवायला लागलं ना, की अजून घाम फुटतो. म्हणून ठरवलंय, आपण एकटेच बरे."

"एकटेच..." फर्गस म्हणाला, आणि त्याने शेवटचं कालव तिच्या ताटात सरकवलं.

एलिस्टनला त्याच्या व्हॅनने राम म्हटला. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि कुणाच्या मयताला आल्यासारखी टोपी काढली.

"सोमवारी स्ट्रीकी बेहून ॲडलेडची बस आहे," फर्गस त्या संध्याकाळी म्हणाला. "भाऊ कधीचा बोलावतोय. छपरांवर सौर तक्ते बसवायचा धंदा आहे त्याचा."

"तुला छपरं आवडतात?"

"छपरं ठीकच असतात... तुला दुसरं काही सुचतंय?"

टॅमसिनला सुचत होतं, पण जीभ रेटत नव्हती. तिची पुढची दोन कामं सेडूनाला होती, तिथल्या शेतांवर बंद पडलेले पंपही ढीगभर होते. "स्ट्रीकी बेपर्यंत माझ्या गाडीतून चल," ती म्हणाली. "रविवारी. सामानासकट. एक दिवस दोघांनी मिळून मुक्काम हलवून बघू. संध्याकाळी आपण एकमेकांशी बोलत असलो, तर... मग बघू. नसलो, तर सोमवारची बस आहेच."

"एकाच दिवसात निकाल?"

"मुक्काम हलवायच्या दिवशी माणूस कळतो, फर्गस. बाकीचे दिवस सगळेच गोड असतात."

रविवारी सकाळी टॅमसिनने एक कपाट रिकामं केलं. एकच. तिच्या मते ते पुष्कळ होतं. फर्गसचा संसार म्हणजे अवजारांची पेटी, मासे धरायची काठी, चार शर्ट आणि लोखंडाची एक काळीकुट्ट हंडी. ती हंडी उचलायलाच दोन माणसं लागावीत.

"ही कुठे ठेवू?"

"समुद्रात."

"आईची आहे."

"मग सिंकखाली ठेव. आणि तिच्यात ते शर्ट कोंब, म्हणजे खडखड होणार नाही."

यादी तिने वाचायची, काम त्याने करायचं, असं ठरलं. सुरुवातीला तिचा आवाज परीक्षा घेणाऱ्या मास्तरणीसारखा येत होता. दहाव्या कलमाला तो पायरी आत सरकवता सरकवता शीळ घालू लागला, आणि चौदाव्याला तिच्या लक्षात आलं की आपलीही मान त्या शिळेवर डोलते आहे. शेजारचा एक म्हातारा 'कुठे निघालात?' म्हणत जवळ आला, तर दोघांनी एकदमच हात वर केले. "नंतर, नंतर!" बिचारा आल्या पावली परतला.

रस्त्याला लागल्यावर वॉटलची फुलांनी पिवळीधमक झालेली झाडं मागे पडू लागली. दोन इमू पक्षी रस्त्यात मध्येच आले, थांबले, यांना नीट निरखून पुढे गेले. "बघ, त्यांनाही जोडी पसंत पडली," फर्गस म्हणाला. टॅमसिनने रस्त्यावरची नजर काढली नाही, पण तिचे कान मात्र लाल झाले.

आणि त्याच वळणावर मागे काहीतरी धाडकन पडलं.

गाडी कडेला घेऊन ती मागे गेली. फ्रिजचं दार सताड उघडं, आणि बीटाची मोठी बरणी फुटून लालभडक पाणी दारापासून पलंगापर्यंत पसरलेलं. काचा, बीटाच्या चकत्या, आणि त्यात न्हालेली तिची पांढरी चादर. टॅमसिन जागच्या जागी थिजली. तिला माहीत होतं आता काय होणार. कुणीतरी विचारणार, कडी कुणी लावली नाही?

"कडी राहिली माझी," फर्गस म्हणाला. "तू बाहेर थांब, अनवाणी आहेस. काच लागेल."

त्याने बाही वर केली आणि गुडघ्यांवर बसला. काचा वेचल्या, चादर बादलीत टाकली, फडकं पिळून पुसलं, परत पिळून परत पुसलं. टॅमसिन दारात उभी राहून बघत होती. तिला हळूहळू आठवत होतं... निघताना पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज कुणी उघडला होता ते.

"फर्गस... शेवटी फ्रिज मी उघडला होता."

"माहितेय."

"मग तुझी चूक म्हणून का सांगितलंस?"

त्याने लालेलाल हातांनी वर पाहिलं. "तुझा चेहरा बघितला म्हणून. फरशी पुसायला कुणाची चूक ते कळावं लागत नाही, टॅम. फडकं लागतं. ते दुसरं दे बघू."

तिने चपला घातल्या, दुसरं फडकं घेतलं आणि त्याच्या शेजारी बसली. कोपराला कोपर लागत होतं. काम संपलं तरी दोघं थोडा वेळ तशीच बसून राहिली, आणि त्याच्या नाकावर बीटाचा ठिपका होता तो तिने आपल्या अंगठ्याने पुसला. जरा सावकाशच पुसला.

व्हीनस बेला तळलेले मासे खाण्यात दुपार गेली आणि स्ट्रीकी बेला पोहोचेपर्यंत पाच वाजले.

पार्कच्या कचेरीतली बाई वहीतून मान वर न काढता म्हणाली, "आरपार जागा एकही नाही. मासेमारीची स्पर्धा आहे. चौदा नंबर तेवढी शिल्लक. उलटं शिरावं लागेल."

चौदा नंबर! एका बाजूला न्हाणीघरांची भिंत, दुसऱ्या बाजूला कुणाचीतरी नवीकोरी बोट ट्रेलरवर चढवून ठेवलेली. मधे गाडी मावेल आणि वर दोन्हीकडे हातभर उरेल एवढीच फट. आणि समोरच्या हिरवळीवर वीस-बावीस खुर्च्या, बरोबर चौदा नंबरकडे तोंड करून. पुढच्या रांगेत नोएलीनबाई आणि मर्व्ह. त्यांनी हात हलवला. मागचा कॅमेरा तर कधीच बंद पडला होता. टॅमसिनने इंजिन बंद केलं आणि किल्ली फर्गसपुढे धरली.

"तू लाव."

"लावतो," तो म्हणाला. पण किल्ली घेतली नाही. "मला काही जड नाही. फक्त एक सांग. तुला गाडी लावायची नाहीये, की ह्यांच्यासमोर लावायची नाहीये?"

"...ह्यांच्यासमोर."

"एवढंच ना!" आणि तो उतरून थेट हिरवळीवर गेला.

उघड्या खिडकीतून तिला सगळं ऐकू येत होतं.

"मंडळी, एक विनंती आहे. सगळ्यांनी खुर्च्या फिरवा. समुद्राकडे."

"का रे बाबा?" मर्व्ह म्हणाले. "समुद्रात काय आहे?"

"सूर्य मावळतोय."

"तो रोजच मावळतो. आम्ही इथे गाडी बघायला बसलोय!"

"मर्व्ह, ऊठ," नोएलीनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून आधी फिरवली. "तू आपली गाडी पहिल्यांदा लावलीस, तेव्हा कुंपण कुणी पाडलं होतं ते सांगू का सगळ्यांना?"

मर्व्ह उठले. मग शेजारचे उठले. बघता बघता बावीस खुर्च्यांनी पाठ फिरवली. नुसत्या टोप्या आणि पिकले केस दिसत होते.

टॅमसिन स्टिअरिंगवर हात ठेवून त्या पाठींकडे बघत राहिली. तिच्यासाठी एवढी माणसं हलवणारा हा कोण, महिना-दीड महिन्यापूर्वी टॉवेलवर भेटलेला! आता बिघडलं तरी कुणी बघणार नव्हतं. आणि... जमलं तर? तेही कुणी बघणार नव्हतं. आठ महिने ती एकटीने फिरली, शेकडो मैल गाडी हाकली, आणि एका माणसाच्या एका वाक्यासाठी अजून लपत होती. तिला एकदम स्वतःचा राग आला, आणि रागापाठोपाठ हुरूप आला.

तिने डोकं खिडकीबाहेर काढलं. "फर्गस! त्यांना सांग, वळू देत परत!"

"नक्की?"

"नक्की! जमलं तर साक्षीदार नकोत का?"

"हे बरं झालं," मर्व्ह म्हणाले, आणि त्यांचीच खुर्ची सगळ्यात आधी वळली.

फर्गस तिच्या खिडकीशी आला. "मी ओरडणार नाही. हात वर म्हणजे थांब. मी आरशात दिसलो नाही तरी थांब. बाकी सगळं तुझं."

इंजिन घुरघुरलं. टॅमसिनने गाडी मागे घेतली. डाव्या आरशात भिंत मोठी होऊ लागली, आणखी मोठी... आणि फर्गसचा हात वर गेला. तिने करकचून ब्रेक दाबला. गाडी तिरकी उभी राहिली होती. हिरवळीवर कुणीतरी खोकलं. टॅमसिनने डोळे मिटले. आता ते वाक्य येणार.

खिडकीवर टकटक झाली.

"भिंत अजून हातभर लांब होती," फर्गस हळूच म्हणाला. "मीच घाबरलो. भित्रा मी आहे, तू नाहीस. पुढे घे, आणि पुन्हा ये. या वेळी मी घाबरणार नाही."

तिने गाडी पुढे घेतली. स्टिअरिंग सरळ केलं, श्वास घेतला, आणि पुन्हा मागे आली. सावकाश... अगदी सावकाश. डावीकडे भिंत, उजवीकडे बोट, मधोमध आरशात फर्गस. तो एक एक पाऊल मागे सरकत होता, दोन्ही हातांनी तिला बोलावत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिला घाबरायला फुरसतच मिळाली नाही. बोटीचं नाक पुढे सरकलं. न्हाणीघराचं दार पुढे सरकलं. हात वर झाला. ती थांबली. दोन्ही आरशांत सारखीच जागा दिसत होती. नळ जागच्या जागी होता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मर्व्ह तर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

टॅमसिनने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. मागे फर्गस अजून हात वर करून उभा होता, दात सगळे बाहेर.

"फर्गस! उद्या जाऊ नकोस!"

"काय?" डिझेल इंजिनापुढे काही ऐकू येत नव्हतं.

"म्हटलं, जाऊ नकोस! मला तू... मी तुझ्या..."

"ऐकू येत नाही, टॅम!"

"अरे माठ्या," ती जीव खाऊन ओरडली आणि त्याच दमात तिने किल्ली फिरवली, "माझं प्रेम आहे तुझ्यावर!"

इंजिन बंद झालं होतं. 'प्रेम आहे तुझ्यावर' तेवढं स्वच्छ, खणखणीत, बावीस खुर्च्यांवरून पार समुद्रापर्यंत गेलं.

"आता आलं ऐकू," मर्व्ह म्हणाले.

नोएलीनबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

फर्गस चालत आला. धावला नाही, चालतच आला. खिडकीशी येऊन त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हाताला अजून बीटाचा वास येत होता.

"माझंही आहे," तो म्हणाला. "केव्हापासून ते विचारू नकोस. खरं सांगितलं तर तुला हसू येईल."

मग तिथेच उभ्या उभ्या त्याने खिशातून फोन काढून भावाला लावला. "डग, मी उद्या येत नाहीये... नाही, बस चुकली नाही, अजून सुटायची आहे... परवाही नाही... अरे, छपराचं काय घेऊन बसलास! ... हो. हो, तीच."

टॅमसिनने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"डग, मी टॅमसिन. तुमचा भाऊ मी ठेवून घेतेय. त्याच्या त्या हंडीसकट. तुमची काही हरकत आहे?"

पलीकडे डग मोठ्याने हसला.

"हरकत? अहो, परत पाठवू नका म्हणजे मिळवली!"

"नाही पाठवत," टॅमसिन म्हणाली. तिने फोन त्याला परत दिला, दार उघडलं, आणि सगळ्या खुर्च्यांच्या देखत सावकाश, ऐटीत खाली उतरली.